एकाच मापाचे नऊ शंख

४ मार्च, सोमवार

धाकटी आली. एक बॅग, एक भिंगाची पेटी आणि उंची तीच. दारातून आत येताना मान लववते. आमच्या दाराला तिच्या मान लववण्याची काही गरज नाही, पण बघणाऱ्याला वाटतं की दारच बुटकं आहे.

चार आठवडे राहणार. संग्रहालयातल्या आमच्या शंखांच्या खोलीत 'नाव नसलेले' म्हणून बारा खण पडून आहेत, ते ती बघणार. साहेबांनी स्वतः पत्र लिहून बोलावलं तिला. त्या खणांवरची धूळ मी एक्केचाळीस वर्षं पुसतेय. असो. धूळ पुसायला पत्र लागत नाही.

सूनबाईनं तिला माझी खिडकीजवळची खाट दिली. मला विचारून दिली, हे खरं. मीच 'दे की' म्हटलं, हेही खरं.

५ मार्च, मंगळवार

साहेब धाकटीला खोली दाखवत होते. जिल्हाभरच्या शाळांचे मास्तर संग्रहालय बघायला आले होते, ते मध्येच घुसले. साहेबांनी ओळख करून दिली. आधी तिची, चांगली लांबलचक. मग माझ्याकडं हात करून म्हणाले, "आणि या डॉक्टरबाईंच्या थोरल्या बहीण."

झालं! एक्केचाळीस वर्षं या इमारतीत मी 'ताई' होते. दरवाज्यावरच्या माणसापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची ताई. एका सकाळीत मी कुणाची तरी बहीण झाले.

काम मात्र माझंच. शंख काचेच्या नळीत, नळीत चिठ्ठी, चिठ्ठी नखाएवढी. टाकानं, काळ्या शाईनं. नाव, ठिकाण, तारीख, कसं मिळालं, कुणी आणलं. बस. पण ते चुकलं की शंख मुका झाला, त्याला कितीही विचारा. माझ्या हातचा मुका शंख या खोलीत एकही नाही, हे मी छाती काढून सांगते. आणि आमच्याकडची रीत अशी की नोकरीवरच्या माणसानं काही शोधून आणलं, तर 'कुणी आणलं' पुढं 'कार्यालय' एवढंच लिहायचं. किती 'कार्यालय' लिहिली असतील मी! त्यातली निम्मी मीच आहे.

७ मार्च, गुरुवार

आज भर खोलीत माझं हसं झालं. साहेबांना एक नळी हवी होती. मी म्हटलं, "पुसिल्लाची ना? डावीकडं तिसऱ्या खणात." धाकटी भिंगावरून डोळा न काढता म्हणाली, "प्युसिला, ताई."

एवढंच. ओरडली नाही, हसली नाही. साहेब मात्र हसले.

मी अक्षर बघून अक्षर म्हणते. मला कुणी शिकवलं नाही. आणि लॅटिनसारख्या मेलेल्या भाषेचा उच्चार विचारायला जायचं तरी कुणाकडं?

घरी येताना वाटेत तिनं माझी पिशवी घेतली हातातली. मी परत घेतली. पुढच्या वळणावर तिनं पुन्हा घेतली. शेवटी एकेक बंद धरून आलो. लोक बघत होते.

८ मार्च, शुक्रवार

पुसिल्ला म्हणजे चिमुकली. पुसिल्लाच म्हणणार इथं, ही वही माझी आहे.

मला सगळ्यांत आधी आले ते हेच शब्द, मापाचे. बाकी नावांत कुणाकुणाची आडनावं, डोंगर, नद्या, ते काही कळत नसे. पण शंख समोर ठेवला आणि नाव वाचलं की मापाचा शब्द आपोआप उलगडायचा. 'मिनुटा' अगदी बारीक. 'पार्व्हुला' इवलीशी. 'एक्झिगुआ' तुटपुंजी. 'नाना' म्हणजे बुटकी. हे कळलं त्या दिवशी मी एकटीच खोलीत हसत बसले होते, कारण आमचे नानाकाका खाटेवर मावत नसत. मग मोठ्या. 'ग्रँडिस' थोराड. 'प्रोसेरा' उंचाडी. 'इंजेन्स' अवाढव्य. 'मेजर' थोरली, 'मायनर' धाकटी. 'मॅक्सिमा' सगळ्यांत मोठी, 'मिनिमा' सगळ्यांत लहान.

आणि गंमत अशी की मोठं हे कुणापेक्षा मोठं, ते चिठ्ठीवर लिहीत नाहीत. आमच्या चौथ्या खणात 'गिगँटिया' म्हणून एक आहे. नावानं राक्षसीण. आकारानं तांदळाचा दाणा! तिच्या बहिणी मोहरीएवढ्या, म्हणून ती राक्षसीण. वासरांत लंगडी गाय शहाणी, ती तशी. पण एकदा छापलं की छापलं. उद्या बोराएवढी बहीण सापडली तरी हिची पदवी जात नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, आणि तो वाळा जन्मभर काढायचा नाही.

सतराव्या वर्षी शाळा सोडून मी या खोलीत चिकटवायला बसले. आई अंथरुणाला खिळली होती, वडील थकले होते. दोघींपैकी एकीनं शिकायचं. धाकटी नऊ वर्षांची होती आणि हुशार होती. मी हुशार नव्हते असं काही कुणी म्हटलं नव्हतं. तेवढं विचारायला कुणाला सुचलं नाही.

तिच्या शाळेच्या कपड्यांना मी इस्त्री करायची. अजून तिच्या कॉलरीकडं माझी नजर आधी जाते. आज डावी बाजू दुमडलेली होती. सांगितलं नाही.

११ मार्च, सोमवार

नाव नसलेल्यांच्या सातव्या खणात तिला नळी सापडली. नऊ शंख, बाजरीच्या दाण्याएवढे. तिनं भिंगाखाली धरले, भिंग पुसलं, पुन्हा धरले.

मग म्हणाली, "ताई, हे कुणी आणलं गं?"

मी आणले. एकवीस वर्षांपूर्वी, मागच्या आवारातल्या पालापाचोळ्यातून, गुडघ्यांवर बसून. बघताक्षणी ओळखलं. ओठावर आलं होतं. पण तिनं विचारलं ते माझ्याकडं न बघता, जसं खिडकी कुणी उघडी टाकली म्हणून विचारतात तसं.

"चिठ्ठीवर बघ की," म्हटलं मी.

तिनं वाचलं, "कार्यालय." आणि पुन्हा भिंगात डोकं घातलं.

१२ मार्च, मंगळवार

नवी जात! साहेब दोनदा येऊन बघून गेले. सगळ्यांसाठी चहा मागवला. या घराण्यातली आजवरची सगळ्यांत लहान गोगलगाय म्हणे, आणि आमच्याच आवारातली. धाकटी नाव देणार 'मिनिमा'. महिनाअखेर लेख टपालात पडला पाहिजे, नाहीतर त्या नियतकालिकाचा अंक हुकतो. पुढच्या वर्षी ती विद्यापीठातून स्वेच्छानिवृत्ती घेतेय, हा तिचा शेवटचा लेख.

साहेबांनी शंका काढली की पिल्लं तर नसतील? दुसऱ्या कुठल्या मोठ्या जातीची? धाकटीकडं उत्तर तयार होतं. "पिल्लं असती तर लहानमोठी सापडली असती. हे नऊच्या नऊ एका मापाचे आहेत. साच्यातून काढल्यासारखे. वेढे कमी आहेत, पण एवढ्या लहान अंगाला कमीच असायचे." साहेबांची मान डोलली. मास्तरांना तिची ओळख करून देताना डोलली होती तशीच.

माझे शंख. माझी नळी. नाव तिचं लागणार, कारण जो वर्णन लिहितो त्याचं नाव जातीच्या नावापुढं लागतं, कायमचं. पिकवलं कुणी आणि ताटात कुणाच्या!

पोटात नुसता मुंगळा डसतोय. साठी जवळ आली, लाज वाटायला हवी. वाटतेय. मुंगळ्याला त्याचं काही नाही.

१३ मार्च, बुधवार

सकाळी पीठ चाळत होते. हात मध्येच थांबला.

एका मापाचे!

चाळणीतून पडलेलं सगळं एका मापाचंच असतं. पाचोळ्याची माती आम्ही तीन चाळण्यांतून काढतो. सुतारकाकांनी लाकडी चौकटीच्या करून दिलेल्या, एकीवर एक बसणाऱ्या. वरची जाड, मग मधली, खाली बारीक. मोठे शंख वर अडतात, बारके खाली. प्रत्येक चाळणीची नळी वेगळी आणि चिठ्ठीवर चाळणीचं नाव घालायचं. घालायचंच. नाहीतर वाचणाऱ्याला वाटणार की निसर्गानंच माप लावून दिलं.

सूनबाई म्हणाली, "आई, पीठ सांडतंय."

१४ मार्च, गुरुवार

धाकटी साहेबांच्या खोलीत गेली तेव्हा मी दोन नळ्या काढल्या.

सातव्या खणातली तिची. चिठ्ठी माझ्या अक्षरात. ठिकाण, तारीख, 'कार्यालय'. चाळणीचं नाव नाही.

नाव असलेल्यांच्या दुसऱ्या खणातली दुसरी. तीच तारीख, तेच आवार. 'जाड चाळणी' स्पष्ट लिहिलेलं. सहा मोठे शंख, ओळखीचे, वर्षानुवर्षं सगळ्यांना ठाऊक असलेले. नाव 'मेजर'.

तिच्या भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवले. गोगलगाय आपलं बाळपण टाकून देत नाही. डोक्यावर घेऊनच वाढते, शंखाच्या टोकाशी तिचं लहानपण जसंच्या तसं असतं. मोठ्याला पाच वेढे. टोकापासून तीन मोजले आणि तिथं नजर रोखली, तर तिथं धाकटीची 'मिनिमा' बसलेली. तीच रेघ, तोच बाक. सहाच्या सहा तपासले.

नवी जात नाही. मेजरची पिल्लं. थोरलीच, वाढायची राहिलेली.

आणि हे कुणामुळं? चिठ्ठीमुळं. तारीख बघितली आणि आठवलं. त्या दिवशी धाकटीला डॉक्टरेट मिळायची होती. मी अर्धी रजा टाकून, लुगडं बदलायला पळाले होते. शेवटची चिठ्ठी घाईत लिहिली. एक्केचाळीस वर्षांत एक मुका शंख, आणि तो असा.

१५ मार्च, शुक्रवार

सांगितलं नाही.

१७ मार्च, रविवार

सुट्टी. धाकटी दिवसभर नातीला मांडीवर घेऊन गोगलगाईची चित्रं काढत होती. नात आता झोपताना 'मावशीआजी' म्हणते. मला गेली चार वर्षं फक्त 'आजी' म्हणते, त्यात मावशी नाही, कमीच की ते.

सूनबाई पडद्याचं कापड कुठलं घ्यावं ते तिला विचारत होती. पडदे माझ्या खोलीचे.

आज सांगता आलं असतं. घरी, कुणी नसताना, चहा पिता पिता. 'अगं, ती नळी बारीक चाळणीची आहे.' आठ शब्दही नाहीत. तोंड उघडलं आणि म्हणाले, "साखर कमी झालीय का?" ती म्हणाली, "नाही गं, मस्त झालाय." तिला चहा कसा लागतो हे मला अजून ठाऊक आहे, याचाही मला राग आला.

का सांगू? शिकलेली ती. भिंग तिचं. मला कुणी विचारलंय का? विचारलं ते फक्त कुणी आणलं, आणि तेही पाठमोरं.

सांगितलं तर माझी चूक उघडी पडते. नाही सांगितलं तर तिची होते. लेख छापून येईल, पाचदहा वर्षांनी कुठला तरी शहाणा मोठ्यांशी ताडून बघेल, आणि मग 'मिनिमा' चुकीच्या नावांच्या यादीत जाईल. अशी नावं पुसत नाहीत. देणाऱ्याच्या नावासकट ठेवतात. धाकटीचं नाव तिथं राहील, जोवर पुस्तकं आहेत तोवर.

हे लिहिताना मला बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण इथं खोटं लिहायचं तर वही कशाला घेतली.

१९ मार्च, मंगळवार

सुतारकाका खणांच्या मुठी बसवायला आले होते. आमच्याहून म्हातारे, कानानं अर्धे. मी आडून विचारलं, की समजा एखाद्याच्या कामात खोट दिसली आणि त्यानं आपल्याला विचारलंच नाही, तर आपण बोलावं का?

ते म्हणाले, "खोट कुणाची?"

"दोघांची."

"मग भांडणाला जागा कुठाय?" स्क्रू तोंडात धरून म्हणाले, "टेबल डुगडुगतंय हे ज्याला ठाऊक, त्यानंच खाली घडी सरकवायची, ताई. टेबल कुणाचं ते मग बघायचं."

मी म्हटलं, टेबलावर बसून मान घेणारा निराळा असेल तर? त्यांना ऐकू आलं नाही. की आलं, देव जाणे. मुठी मात्र छान बसवल्या.

२१ मार्च, गुरुवार

धाकटीला खोकला. काढा करून दिला. प्यायली आणि लहानपणी करायची तसंच तोंड केलं. जीव कळवळला. दहा मिनिटांनी साहेबांचा निरोप आला डॉक्टरबाईंसाठी, आणि कळवळा गेला.

२२ मार्च, शुक्रवार

भांडण झालं. खोलीत, सगळे जेवायला गेल्यावर.

ती म्हणाली, ताई, तू आठ दिवस माझ्याशी धड बोलत नाहीस. मी म्हटलं, मोठ्या माणसांशी काय बोलायचं, माझे उच्चार चुकतात. ती म्हणाली, ते अजून धरून बसलीस? मी म्हटलं, मला धरून बसायला दुसरं काय दिलंय कुणी? मग मात्र माझा तोल गेला. शाळा, इस्त्री, आईचं अंथरूण, सगळं काढलं. खाट पण काढली. खाट काढायला नको होती.

ती शांतपणे ऐकत होती. उंच माणसं शांत बसली की आणखी उंच दिसतात. मग म्हणाली, "मी सांगितलं होतं का तुला, शाळा सोड म्हणून? नऊ वर्षांची होते मी. तेव्हापासून मला दरवेळी पहिला नंबर काढावा लागला, ताई. नापास व्हायचीसुद्धा सोय नव्हती. तुझं वर्ष वाया गेलं असतं ना."

 एक्केचाळीस वर्षं मी माझंच ओझं मोजत होते.

तरी सांगितलं नाही. भांडणात सांगितलं असतं तर ती चपराक झाली असती. आणि मला ती द्यायची होती, म्हणूनच दिली नाही. एवढं तरी माझ्या पदरात टाका.

२५ मार्च, सोमवार

लेख टाइप झाला. धाकटी पानं उलटी ठेवते, मी गेले की. मला काय वाचता येतंय त्यातलं! चित्रं तेवढी बघितली. शंखाचं चित्र सुरेख काढलंय, तीन वेढे, एकेक रेघ. डोळा शाबूत आहे तिचा. चुकीचं काहीच नाही त्यात. जे चुकलंय ते चित्रात येत नाही.

मोठ्यांची नळी मी दुसऱ्या खणात परत ठेवलेली नाही. चौदा तारखेपासून माझ्या टेबलाच्या आत आहे, किल्लीखाली. का ठेवली ते मी स्वतःला विचारलेलं नाही.

२६ मार्च, मंगळवार

आज आरशात बघितलं. तोंड आंबट झालंय, खरंच. सूनबाई विचारत होती, पित्त झालंय का.

२७ मार्च, बुधवार

नीट लिहायला हवं.

नवी जात जाहीर करताना एक शंख निवडून वेगळा ठेवतात. पुढं कुणाला शंका आली तर त्याच एका शंखाशी ताडून बघायचं. त्याच्या नळीत लाल चिठ्ठी जाते. या खोलीतल्या सगळ्या लाल चिठ्ठ्या माझ्या हातच्या. एकोणीस आहेत. ही विसावी.

धाकटी दुपारी टेबलाशी आली. घडी घातलेला कागद ठेवला. म्हणाली, "लाल चिठ्ठी लिहून ठेव ना, ताई. उद्या दुपारी लेख टपालात जातोय. साहेबांची सही घेऊन येते." आणि गेली. घाईनं गेली. लहानपणी माझ्या उशीखाली काही ठेवून पळायची, तशी.

टाक पुसला, शाई हलवली, कागद उघडला. घराण्याचं नाव आणि पुढं 'मिनिमा' असणार, म्हणून हात 'म' च्या वळणाला तयार होता.

मिनिमा नव्हतं. माझं नाव होतं. माझं, आईनं ठेवलेलं, त्याला लॅटिनचं शेपूट. मी तीनदा वाचलं, अक्षर बघून अक्षर.

खाली लेखातल्या दोन ओळी तिनं मराठीत उतरवल्या होत्या, मला वाचता याव्यात म्हणून. नाव का दिलं ते लेखात सांगावं लागतं. 'या खोलीतली प्रत्येक चिठ्ठी जिनं लिहिली, आणि जिच्या चिठ्ठीवर मला आजवर कधी शंका घ्यावी लागली नाही, त्या माझ्या थोरल्या बहिणीवरून.'

मला रडू आलं नाही. उलट फार आनंद झाला. मला हवं होतं, हो! एवढी वर्षं हेच हवं होतं, आणि मी तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. 'कार्यालय' नाही, कुणाची बहीण नाही, मी. छापील, पुस्तकात. माझ्यामागं नात वाचेल, नातीची नात वाचेल.

लाल चिठ्ठी लिहिली.  एक्केचाळीस वर्षांतली सगळ्यांत चांगली. शाई वाळेपर्यंत फुंकर न घालता बघत बसले.

मग दुसरी ओळ पुन्हा वाचली. कधी शंका घ्यावी लागली नाही म्हणे.

किल्ली माझ्याकडं आहे. दुसरी नळी कुठाय हे या जगात फक्त मला ठाऊक आहे. ती सहा शंखांची नळी मागच्या आवारात पाचोळ्यात रिकामी केली तर माती मातीला मिळेल. तोवर माझं नाव माझं. पाच वर्षं, दहा वर्षं, मी असेपर्यंत तर नक्कीच. आणि मग कुणी शोधलंच, तर चूक धाकटीच्या नावावर, माझ्या नावासकट. दोघी एकाच ओळीत.

नळी टेबलातून काढली. घरी येताना पदराच्या गाठीत बांधून आणली. धाकटीनं वाटेत पिशवी मागितली. दिली. ती सारखी माझ्या तोंडाकडं बघत होती, मी काही बोलते का म्हणून. काही बोलले नाही. तिला वाटलं असेल, भरून आलंय.

आता ती पलीकडं नातीला जेवू घालतेय, मला हसणं ऐकू येतंय. गाठ अजून पदराला आहे.

२८ मार्च, गुरुवार

सांगितलं. दुपार व्हायच्या आत. दोन्ही नळ्या तिच्यापुढं ठेवल्या आणि म्हटलं, चाळणी माझी, चिठ्ठी माझी, चूक माझी, आणि पंधरा दिवस माहीत असून गप्प बसले तीही मीच. का, तेही सांगितलं. तिनं सहाही शंख एकेक करून बघितले. फार वेळ. मग लेखाचं पाकीट साहेबांच्या टेबलावरून परत आणलं आणि विचारलं, "लाल चिठ्ठी कुठाय?" दिली. फाडेल असं वाटलं. तिनं ती चष्म्याच्या डबीत ठेवली, डबी पर्समध्ये टाकली, नाक पुसलं.

म्हणाली, "डबा उघड, ताई. भांडण जेवता जेवता करू."